फ्रान्सिस मेरियन : एका पटकथालेखिकेची कारकीर्द

१९३७ साली अमेरिकेत फ्रान्सिस मेरियन या लेखिकेचे चित्रपटकथा कशी लिहावी व कशी विकावी याविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा बाईंच्या मागे जवळजवळ पंचवीस वर्षांची चित्रपटलेखनाची तपश्चर्या होती. पडद्यावर आलेल्या त्यांच्या पटकथांची संख्या शंभराच्या पुष्कळ पलीकडे गेली होती, आणि अमेरिकन चित्रपट-अकादमीचे पारितोषिक लेखनासाठी दोनदा मिळविणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती होत्या. अशा लेखिकेने नवशिक्यांना धडा देताना नमुन्यादाखल एक संपूर्ण चित्रणसंहिता पुस्तकास जोडावी, हे योग्यच होते. परंतु ती संहिता त्यांची स्वतःची नव्हती. रॉबर्ट शेरवुड या नाटककाराने मार्को पोलोवरील चित्रपटासाठी लिहिलेली ती संहिता होती.

या गोष्टीचे कारण एखाद्या क्षुल्लक प्रकाशनविषयक सोयीतही असू शकेल. तरीही ती मला अर्थपूर्ण वाटते. नाटककाराचे नाटक प्रयोग संपल्यावरही ग्रंथरूपाने उरते. पटकथालेखकाची संहिता चित्रपट पुरा होताच निरुपयोगी ठरते, आणि तिची मालकी लेखकाकडे नसून कंपनीकडे असते. त्यामुळे चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या आणि नटनट्यांच्या नावांनी लिहिला गेला. लेखक श्रेयनामावलीत एका ओळीपुरता उरला, कित्येकदा तेवढाही नाही. मेरियनबाईंची कारकीर्द या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे, कारण लौकिक यशाचे एकही माप त्यांच्या बाबतीत अपुरे पडले नव्हते. पैसा, मान, सत्ता, पारितोषिके हे सर्व मिळूनही लेखकपण हाती राहते का, असा तो प्रश्न आहे.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. मूळ नाव मेरियन बेन्सन ओवेन्स. शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याबद्दल लहानपणीच शाळेतून काढून टाकण्यात आले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. पुढे त्या चित्रकला शिकल्या. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने ते शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. वृत्तपत्राची बातमीदारी, जाहिरातींची चित्रे, नाटकांची भित्तिपत्रके असे व्यवसाय करीत त्या लॉस एंजेलिसला आल्या. दोन विवाह झाले आणि दोन्ही मोडले; त्यांविषयी येथे अधिक बोलण्याचे कारण नाही. बातमीदार म्हणून रंगभूमीवरील विनोदी अभिनेत्री मेरी ड्रेसलर यांच्याशी झालेला परिचय मात्र लक्षात ठेवावा. त्याची फळे पुढे वीस वर्षांनी दिसतील.

१९१४ साली लॉइस वेबर या दिग्दर्शिकेने त्यांना आपल्या हाताखाली घेतले. वेबर त्या वेळी चित्रपट लिहीत, दिग्दर्शित करीत आणि त्यांत कामही करीत. त्यांच्याजवळ मेरियनबाईंनी हाताला लागेल ते काम केले, आणि 'फ्रान्सिस मेरियन' हे नाव येथेच धारण केले. त्या काळी चित्रपटधंदा इतका नवा होता की त्यात कोणाची जागा कोणती हे ठरलेलेच नव्हते. बायकांना तेथे प्रवेश मिळाला तो धंदेवाल्यांच्या औदार्यामुळे नव्हे. प्रतिष्ठित पुरुषांना अजून त्या जागेचा लोभ सुटला नव्हता, हे खरे कारण. अनिता लूस, जीनी मॅकफर्सन, जून मॅथिस, बेस मेरेडिथ ही नावे त्याच पिढीची आहेत. मूकपटांच्या लेखनात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता, हे या एवढ्या नावांवरूनही कळेल.

मेरी पिकफर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो याच सुमारास. पिकफर्डसाठी त्यांनी लिहिलेला 'द फाउंडलिंग' हा चित्रपट पुरा झाला. परंतु सप्टेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओला आग लागून त्याची मूळ फीत जळाली, आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. चित्रपटलेखकाची कृती किती नाशिवंत असते, याचा असा अनुभव आरंभालाच यावा! न्यूयॉर्कला आलेल्या बाईंच्या हाती आता काम नव्हते. त्यांनी 'वर्ल्ड फिल्म' या कंपनीचे प्रमुख विल्यम ब्रेडी यांना गळ घातली : दोन आठवडे बिनपगारी काम करते, पसंत पडले तर आठवड्याला २०० डॉलर द्या. कंपनीच्या फडताळात एक चित्रपट पडून होता. तो इतका फसला होता की बाहेर काढण्याचे कोणी मनावर घेईना. बाईंनी त्याला नवा आरंभ आणि नवा शेवट लिहिला आणि गंभीर म्हणून फसलेल्या त्या कथेला विनोदाची कलाटणी देऊन ती विकाऊ केली. नोकरी पक्की झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रित झालेल्या मजकुराला शब्दांच्या पाट्या बदलून आणि चार दृश्ये जोडून निराळा अर्थ देता येतो, हे ज्ञान त्यांना फार लवकर झाले. हेच ज्ञान पुढे निर्मात्यांनाही झाले, आणि मग ते लेखकांच्या संहितांवर वापरण्यात आले.

पिकफर्ड-पर्वाची खरी सुरुवात १९१७ च्या 'द पुअर लिटल रिच गर्ल' या चित्रपटाने झाली. श्रीमंत घरात नोकरांच्या हाती वाढणारी एकाकी मुलगी, असा या कथेचा विषय. दिग्दर्शक मॉरिस टूर्नर हे मूळचे फ्रेंच चित्रकार. त्यांना सौष्ठवाची दृष्टी होती, पण थट्टामस्करीचे वावडे होते. चिखलफेकीसारखे प्रसंग मेरियनबाई आणि पिकफर्ड यांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध घुसडले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी चित्रपट पाहिला तेव्हा कोणी हसले नाही, आणि दोघी मैत्रिणींना आपला सत्यानाश झाला असे वाटले. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट डोक्यावर घेतला. त्याच वर्षी 'रिबेका ऑफ सनीब्रुक फार्म' आणि 'अ लिटल प्रिन्सेस' आले, आणि फेमस प्लेयर्स-लास्की कंपनीने बाईंशी वर्षाला ५०,००० डॉलरचा करार केला.

पिकफर्डच्या या चित्रपटांना भाबडे म्हणून बाजूला सारण्याची रीत समीक्षकांत आहे. मला ती मान्य नाही. निदान 'स्टेला मॅरिस' (१९१८) पाहणाऱ्याला ती मान्य होणार नाही. विल्यम लॉक यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात पिकफर्डच्या दोन भूमिका आहेत. एक स्टेला : जगातील दुःख दृष्टीला पडू नये म्हणून नातलगांनी जपलेली रुग्ण मुलगी. दुसरी युनिटी ब्लेक : अनाथालयातून कामाला आणलेली, मालकिणीच्या हातचा मार खाणारी कुरूप पोर. मेरियनबाईंच्या मांडणीचे सामर्थ्य असे की, हे दोन चेहरे एकाच नटीचे आहेत हे प्रेक्षक जाणतो आणि कथा ते कधीही बोलून दाखवीत नाही. सुखवस्तू घराच्या निरागसतेची किंमत कोणी तरी दुसरे मोजीत असते, हे सांगायला कादंबरीकाराला पाने खर्ची घालावी लागतील. येथे ते एका चेहऱ्याने साधले आहे. मूकपटाच्या लेखकाचे काम संवाद लिहिणे हे नव्हतेच. कोणते दृश्य कोणत्या दृश्याशेजारी ठेवायचे, पात्राच्या हाती कोणती वस्तू द्यायची, शब्दांची पाटी कोठे आणायची आणि कोठे मुळीच आणायची नाही, हे ठरविणे म्हणजे ते लेखन. क्रमांकवार लिहिलेल्या त्या संहितेत वाङ्मयीन शैली शोधणाऱ्याला काही सापडणार नाही; रचना शोधणाऱ्याला पुष्कळ सापडेल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या सरकारी माहिती-समितीच्या वतीने युरोपात गेल्या. युद्धकार्यातील स्त्रियांच्या कामगिरीची चित्रनोंद करणे हे त्यांचे काम होते. परत आल्यावर १९१९ मध्ये फ्रेड टॉमसन या धर्मोपदेशकाशी त्यांनी विवाह केला. हे गृहस्थ विख्यात क्रीडापटूही होते. १९२१ साली 'द लव्ह लाइट' हा पिकफर्ड आणि टॉमसन यांचा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला; त्याच वर्षी आणखी एक. त्यानंतर दिग्दर्शनाकडे त्या जवळजवळ वळल्याच नाहीत. पडद्यावरील कर्तृत्वावर हक्क सांगण्याचा जो एक मार्ग त्या काळी खुला होता, तो त्यांनी आपण होऊन सोडला. यात विनय किती आणि लेखनावरील निष्ठा किती, याची वाटणी करण्याच्या भरीस मी पडत नाही.

याच दशकातील एक प्रकार मोठा गमतीचा आहे. टॉमसन हे पुढे घोडेस्वारीच्या, पश्चिमेकडील साहसांच्या चित्रपटांचे नायक म्हणून अतिशय लोकप्रिय झाले. त्यांच्या 'सिल्व्हर किंग' या घोड्याचीही कीर्ती पसरली. त्यांचे कित्येक चित्रपट 'फ्रँक क्लिफ्टन' नावाच्या लेखकाचे आहेत, असे श्रेयनामावली सांगते. हा क्लिफ्टन म्हणजे खुद्द मेरियनबाई. पतीच्या नावातील 'क्लिफ्टन' हा शब्द घेऊन त्यांनी हे पुरुषी नाव तयार केले होते. एकीकडे 'स्टेला डॅलस'सारखी भावकथा स्वतःच्या नावावर, आणि दुसरीकडे पिस्तुले व घोड्यांच्या टापा पुरुषाच्या नावावर, अशी ही वाटणी होती.

'स्टेला डॅलस' (१९२५) हे ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांच्या कादंबरीचे रूपांतर. मुलीच्या वाढदिवसाचे मेज मांडलेले आहे, खुर्च्या सजल्या आहेत, आणि आईच्या लौकिकामुळे एकही पाहुणा येत नाही, हा त्यातील प्रसंग शब्दांवाचून उभा राहतो. अखेरीस आई रस्त्यावर पावसात उभी राहून खिडकीतून मुलीचे लग्न पाहते. या प्रसंगांना अश्रुपाती म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण रिकाम्या खुर्च्या किती वेळ दाखवायच्या आणि आईला त्या केव्हा दिसू द्यायच्या, हा निर्णय भावुक माणसाचा नव्हे. तो थंड डोक्याने काम करणाऱ्या कारागिराचा आहे.

त्यांच्या मूकपटांत सर्वांत श्रेष्ठ कोणता, असे विचारले तर मी 'द विंड' (१९२८) चे नाव घेईन. डॉरोथी स्कार्बरो यांची मूळ कादंबरी १९२५ ची. टेक्ससच्या वाळवंटी मुलखात आलेल्या एका कोवळ्या मुलीला तेथील अखंड वारा वेड लावतो, एवढीच तिची गोष्ट. कादंबरीत वारा हा मनाचा अनुभव आहे. मूकपटात वाऱ्याला ना आवाज, ना रूप! तेव्हा वारा दाखवायचा तो वाळूच्या द्वारे : दारे-खिडक्यांतून आत शिरणारी वाळू, आणि शेवटी तिने पुरलेल्या माणसाचे प्रेत उघडे पाडणारी वाळू. दिग्दर्शक व्हिक्टर शोस्त्रोम यांनी मोहावीच्या वाळवंटात विमानांचे पंखे लावून ती उडविली. त्या उन्हाचे आणि वाळूचे हाल लिलियन गिश यांनी सोसले. कादंबरीतील नायिका अखेर वादळात निघून जाते, चित्रपटात ती पतीच्या बाहूंत स्थिरावते. हा सुखान्त वितरकांच्या हट्टामुळे लादला गेला, असे गिश उत्तरायुष्यात सांगत असत. पुढील अभ्यासकांनी या हकिकतीविषयी शंका उपस्थित केली आहे. मला वाटते, वाद शेवटाचा नसून अधिकाराचा आहे. कादंबरीचा शेवट कोणी बदलला हे विचारण्याची वेळ तेथे येत नाही. चित्रपटाचा शेवट कोणाचा, हे समकालीन साक्षीदारांच्या तोंडूनही निश्चित होत नाही. पडद्यावरील पाट्यांचा मजकूर तर जॉन कोल्टन या तिसऱ्याच लेखकाचा आहे.

१९२८ च्या नाताळच्या दिवशी टॉमसन धनुर्वाताने वारले. दुःखाचा हा घाला आणि चित्रपटधंद्यातील सर्वांत मोठी उलथापालथ एकाच वेळी आली. बोलपट आले, आणि मूकपटाचे अनेक लेखक निकामी ठरले. न्यूयॉर्कहून नाटककार आणि वृत्तपत्रकार यांची गाडीच्या गाडी हॉलिवुडकडे निघाली. स्त्रीलेखिकांचा ऱ्हास बोलपटाने केला, असे सरसकट विधान नेहमी आढळते. मेरियनबाईंच्या बाबतीत ते खोटे आहे. त्यांचे अत्यंत वैभवाचे दिवस १९३० ते १९३३ हे आहेत, आणि तेही मेट्रो-गोल्डविन-मेयर या सर्वांत बलाढ्य कंपनीत.

ग्रेटा गार्बो प्रथम बोलल्या त्या 'ॲना ख्रिस्ती' (१९३०) या चित्रपटात. यूजीन ओनील यांच्या नाटकाचे हे रूपांतर बाईंनी केले. सारे जग तो आवाज ऐकायला उत्सुक असता गार्बो यांचा प्रवेश सुमारे पंधरा मिनिटे लांबतो. तोवर पडदा मेरी ड्रेसलर या म्हाताऱ्या, दारूबाज बाईच्या भूमिकेत व्यापून राहतात. ड्रेसलर यांचे दिवस तेव्हा पालटलेले होते. वय साठीचे, काम मिळेनासे झालेले. जुन्या मैत्रीला स्मरून मेरियनबाईंनी त्यांच्यासाठी निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग यांच्याकडे रदबदली केली आणि त्यांच्यासाठी भूमिका लिहिल्या. त्याच वर्षीच्या 'मिन अँड बिल' या चित्रपटासाठी ड्रेसलर यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. साठी उलटलेल्या, स्थूल, सौंदर्याचा कसलाही दावा नसलेल्या नटीला अमेरिकेची सर्वांत लोकप्रिय अभिनेत्री करणे, ही मेरियनबाईंची स्वतंत्र निर्मिती आहे. कोणत्याही श्रेयनामावलीत तिची नोंद नाही.

'द बिग हाउस' (१९३०) या तुरुंगकथेसाठी त्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेल्या आणि तेथील जिणे पाहून आल्या. १९२९ सालीच ऑबर्न व डॅनेमोरा येथील तुरुंगांत बंडाळ्या उसळल्या होत्या. विषय हवेतला नव्हता. चित्रपटात तुरुंगाधिकारी सांगतो की १८०० कैद्यांच्या जागेत ३००० कोंबलेले आहेत, आणि सारी कथा या एका अंकगणितातून निघते. खलपुरुष कोणी एक नाही. गर्दी, आळस आणि भीती हेच खलपुरुष. एका कोवळ्या तरुणाला दोन मुरलेल्या गुन्हेगारांच्या कोठडीत ढकलले जाते आणि तो त्यांच्याहून अधिक हीन होतो, हे बाईंनी कोणताही उपदेश न करता दाखविले आहे. या पटकथेला ५ नोव्हेंबर १९३० रोजी अकादमीचे लेखन-पारितोषिक मिळाले. अभिनयाव्यतिरिक्त अन्य विभागात ते मिळविणारी ही पहिली स्त्री.

पण याच चित्रपटाचा दुसरा इतिहासही सांगितला पाहिजे. मूळ कथेत एक कैदी सुटल्यावर कोठडीतील त्या तरुणाच्या पत्नीच्या प्रेमात पडतो. चाचणी-खेळाच्या वेळी प्रेक्षकांना ते रुचले नाही, आणि थालबर्ग यांनी पत्नीच्या जागी बहीण करून तेवढी दृश्ये पुन्हा चित्रित करविली. व्यापारी दृष्टीने निर्णय अचूक होता. परंतु कोठडीतील दोन माणसांमधील ज्या ताणावर मूळ रचना उभी होती, तो निम्मा निघून गेला. ज्या कृतीसाठी लेखिकेचा गौरव झाला, तीच कृती तिने लिहिली तशी राहिली नव्हती!

दुसरे पारितोषिक 'द चॅम्प' (१९३१) च्या कथेसाठी. दारूच्या आहारी गेलेला मुष्टियोद्धा आणि त्याला सांभाळणारे त्याचे लहान पोर, अशी ही गोष्ट. बापलेकांच्या भूमिका उलट्या केल्या की करुणरस आपोआप निर्माण होतो, असे समजणाऱ्या अनुकरणकारांची पुढे रांग लागली. येथे मात्र श्रेय विभागलेले आहे : कथा मेरियनबाईंची, संवाद दुसऱ्याचे, दिग्दर्शन किंग विडॉर यांचे.

हे विभाजन हीच पुढच्या ऱ्हासाची नांदी होय. थालबर्ग यांची पद्धत अशी की एकाच कथेवर अनेक लेखकांना एकामागून एक, कित्येकदा एकमेकांना नकळत, बसवावयाचे आणि प्रत्येकाचे उत्तम तेवढे उचलावयाचे. थालबर्ग हे जाणते गृहस्थ होते आणि मेरियनबाईंवर त्यांचा विश्वास होता, म्हणून ही पद्धत त्यांना फारशी जाचली नाही. पण पद्धत व्यक्तीपेक्षा दीर्घायुषी असते. मार्च १९३३ मध्ये मंदीचे निमित्त करून कंपन्यांनी निम्मे वेतन कापले. त्यातून चित्रपटलेखकांचा संघ पुन्हा संघटित झाला. जॉन हॉवर्ड लॉसन अध्यक्ष आणि मेरियनबाई उपाध्यक्ष. सर्वांत जास्त पगार घेणाऱ्यांपैकी एका लेखिकेने सामान्य लेखकांच्या पंक्तीस जाऊन बसावे, हे मला त्यांच्या दोन्ही पारितोषिकांपेक्षा मोलाचे वाटते. कंपन्यांनी १९३६ साली प्रतिस्पर्धी संघटना पुढे करून हा संघ मोडण्याचा प्रयत्न केला. श्रेय कोणाला द्यावे हे ठरविण्याचा अधिकार संघाच्या हाती आला तो १९४० नंतर, आणि तोवर मेरियनबाईंची चलती संपली होती.

सप्टेंबर १९३६ मध्ये थालबर्ग वारले. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'कमील' या गार्बोच्या चित्रपटावर तीन लेखकांची नावे आहेत. मेरियनबाई त्यांपैकी एक. पुढील दहा वर्षे त्या होत्या, कामेही करीत होत्या, पण इतरांच्या संहितांना ठिगळे लावण्यात बराच काळ गेला. १९४६ मध्ये त्यांनी हॉलिवुड सोडले. नंतर त्यांनी शिल्पे केली, कादंबऱ्या लिहिल्या. कादंबऱ्या सामान्य आहेत, हे सांगितलेच पाहिजे. दृश्यांची सांगड घालणारी त्यांची विलक्षण बुद्धी वाक्यांच्या बाबतीत तितकी जागरूक नव्हती. आणि पटकथा ही कादंबरीची धाकटी बहीण नव्हे, याचा हा चांगला पुरावा आहे.

१९७२ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. ते वाचनीय आहे, पण लेखनाविषयी त्यात फारच थोडे. नटनट्यांचे स्वभाव, मेजवान्या, विनोदी प्रसंग, मैत्रिणींची दुःखे यांनी पाने भरली आहेत. लेखिका स्वतः पडद्याआड आहे. पुढच्याच वर्षी, १२ मे १९७३ रोजी, लॉस एंजेलिस येथे त्या निवर्तल्या. त्यांचे पहिले समग्र चरित्र कॅरी बोशां यांनी १९९७ मध्ये लिहिले. 'द चॅम्प' १९५३ मध्ये 'द क्लाउन' या नावाने आणि १९७९ मध्ये मूळ नावाने पुन्हा निघाला. टॉमसन यांचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. फ्रँक क्लिफ्टन हा लेखक आता बव्हंशी जुन्या श्रेयनामावल्यांतच भेटतो. मेरियनबाईंचे कागदपत्र दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.